बोअर आटला, की त्याचं तोंड बुजलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उन्हाळ्यात बोअर बंद पडला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'पाणी आटलं.' दुसरं वाक्य शेजारचे म्हणतात : 'आता पाचशे फूट मारा.' या दोन वाक्यांच्या मधे एक काम असतं, आणि ते सहसा कुणी करत नाही. नेमकं काय बंद पडलंय ते शोधायचं. वीज, पंप, पाईप, की खरोखरच पाणी? चौघांपैकी तिघांचा दोष असला तरी शिक्षा मात्र चौथ्याला होते, आणि अंगणात नवं भोक पडतं.

भोसरीत माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. पस्तीस वर्षं मी जळलेल्या मोटरी उघडल्या, बांधल्या आणि बोअरमध्ये परत सोडल्या. आता दुकान मुलगा बघतो. मला फक्त नातेवाईक बोलावतात, तेही फुकट. पण आज ज्याबद्दल बोलायचंय ते मोटरीपेक्षा बोअरच्या तोंडाबद्दल आहे. ज्या बोअरचं तोंड मातीखाली, फरशीखाली, पोर्चखाली गेलंय, अशा बोअरबद्दल. पिंपरी-चिंचवडच्या जुन्या वस्त्यांमधे असे बोअर किती असतील याची मोजदाद कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

पुनावळ्याचंच बघा. पवनेच्या काठचं हे गाव १९९७ साली महापालिकेत आलं. त्याच्या आगेमागे भोसरी, चिंचवडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या लोकांनी इथे दोन-तीन गुंठे घेऊन घरं बांधली. तेव्हा नळ नव्हता, ड्रेनेज नव्हतं. म्हणून प्रत्येकानं दोन खड्डे केले, एक पाणी काढायला आणि एक सांडपाणी मुरवायला. पुढे बायपासच्या बाजूनं उंच इमारती उभ्या राहिल्या, नळ आले, रस्ते आले. रस्ता दर डांबरीकरणाला चार बोटं वर चढतो, मग पावसाचं पाणी अंगणात येतं, मग आपण मुरूम टाकून अंगण वर घेतो. वर पेव्हर ब्लॉक. या सगळ्यात बोअरचं केसिंग आहे तिथेच राहतं. आधी ते खड्ड्यात दिसतं, मग पायात येतं, मग एके दिवशी गवंडी ते जमिनीलगत कापून वर शहाबादी फरशी बसवतो. अंगण छान दिसतं. नळाला पाणी असेपर्यंत कुणाला त्याची आठवणही येत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात महापालिकेनं दिवसाआड पाणी सुरू केलं तेव्हा मात्र बरेच जुने बोअर पुन्हा कामाला लागले, आणि त्यातलं पाणी कित्येक घरांत थेट स्वयंपाकघरापर्यंत गेलं.

माझी थोरली बहीण अशाच एका घरात राहते. १९९५ चा बोअर, २०१२ साली अंगणाबरोबर बुजलेला. एका एप्रिलमधे ताईचा फोन आला, ''अरे, बोअर आटला रे. दाजी म्हणतात गाडी बोलवू या.'' गाडी म्हणजे बोअर मारायची गाडी. मी म्हटलं, ''दाजींना सांग, गाडीला घाई नाही. आधी मला येऊ दे.''

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. पहिली गोष्ट, जमिनीच्या वरचं सगळं आधी बघायचं. सिंगल फेजच्या पंपाला पॅनेलमधे कपॅसिटर असतात. ते फुगतात, गळतात, आणि मोटर नुसती घुं घुं करून थांबते किंवा एमसीबी पडतो. शंभर-दोनशे रुपयांच्या कपॅसिटरपायी माणसं पंप वर काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. व्होल्टेज बघायचं. उन्हाळ्यात संध्याकाळी ते इतकं पडतं की मोटर उचलतच नाही. मग सकाळी सहाला चालवून बघायची. ताईकडे व्होल्टेज ठीक होतं, कपॅसिटर ठीक होते.

दुसरी पायरी, मोटर किती करंट घेते ते क्लँप मीटरनं बघायचं. हे मीटर वायरीभोवती नुसतं अडकवायचं असतं, काही सोडवावं लागत नाही. मोटरीच्या पाटीवर तिचा आकडा लिहिलेला असतो. मीटरवर शून्य आलं तर वायर तुटलीय किंवा आतलं वाइंडिंग उघडलंय. आकडा फार जास्त आला तर पंप गाळानं किंवा वाळूनं जाम झालाय, नाहीतर मोटर जळायच्या वाटेवर आहे. आकडा पाटीइतका आहे, पण वर पाणी नाही, असं असेल तर पंप बिचारा काम करतोय आणि पाणी फुटक्या पाइपातून परत बोअरमधेच पडतंय. अशा वेळी बोअरच्या तोंडाला कान लावला तर आत धार पडल्याचा आवाज येतो. आणि आकडा पाटीपेक्षा बराच कमी आला तर पंपावर ओझंच नाही. म्हणजे एक तर त्याच्याकडे पाणी येत नाही किंवा मोटर आणि पंप यांना जोडणारी कपलिंग तुटलीय. ताईच्या पंपाची पाटी साडेसात अँपियर सांगत होती, मीटर साडेचार दाखवत होतं.

आता हे 'पाणी येत नाही' म्हणजे बोअरमधे पाणी नाही असं नव्हे. इथेच लोक घसरतात. मी पंप बंद करून तीन तास थांबायला सांगितलं. दाजी वैतागले, पण थांबले. तीन तासांनी चालू केल्यावर दीड-दोन मिनिटं गढूळ, चहासारखं पाणी आलं आणि पुन्हा बंद. कपलिंग तुटली असती तर एक थेंबही आला नसता. पाईप फुटला असता तर विश्रांतीनं काही फरक पडला नसता. पंपाजवळ पाणी होतं, पण हळूहळू झिरपत होतं, आणि येताना माती घेऊन येत होतं. याच्या पुढचं निदान वरून होत नाही. बोअर उघडायलाच हवा. आणि तोंड कुठे आहे ते कुणाला आठवत नव्हतं.

बुजलेलं तोंड शोधायच्या युक्त्या साध्या आहेत. केसिंग लोखंडी असेल तर धातुशोधक यंत्रानं सापडतं. प्लास्टिकचं असेल तर त्याचा उपयोग नाही. वायर आणि पाईप भिंतीतून जमिनीत जिथे शिरतात तिथून माग काढता येतो, पण पाईप सरळच गेला असेल याची खात्री नसते. पंप चालू असेल तर पहारेचं टोक फरशीवर टेकवून दुसरं टोक कानाशी धरायचं आणि दोन-दोन फुटांवर ऐकत जायचं. जिथे घरघर जास्त तिथे तोंड जवळ. आमच्याकडे आणखी एक पुरावा निघाला. १९९५ साली पाणी लागलं तेव्हा ताईनं बोअरची पूजा केली होती, तिचा फोटो. नारळ, हळदकुंकू, नव्या केसिंगला घातलेला हार आणि मागे पेरूचं झाड. झाड अजून आहे. फोटोतलं अंतर आणि पहारेचा आवाज एकाच जागी जुळले. चार ब्लॉक उचलले, दोन फूट खणलं, शहाबादी लागली. खणण्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात ठेवला होता. जुन्या केबलचं आवरण कुठे सोललेलं असेल ते सांगता येत नाही, आणि कुदळ ते विचारत नाही.

फरशी उचलली तेव्हा आधी वास आला. केसिंगचा वरचा काठ गंजून कुरतडल्यासारखा झाला होता, एका बाजूला अंगठा जाईल एवढं भोक. त्या भोकातून पेरूची मुळं आत गेलेली. हातभर अंतरावर न्हाणीघराचा जुना पाईप होता, त्याला चीर. गच्चीचं पावसाचं पाणीही त्याच बाजूला उतरत होतं. आणि हे सगळं, बारा-तेरा वर्षं, फरशीखालच्या पोकळीतून थेट बोअरमधे.

सुतळीला जड नट बांधून पाइपाच्या कडेनं आत सोडला. हे मोजमाप कुणालाही करता येतं, फक्त हळू सोडायचं, नाहीतर सुतळी केबलला गुंडाळते. वर काढली तेव्हा सत्तर फुटांच्या खाली ती ओली होती. म्हणजे पाणी होतं, एप्रिलमधेसुद्धा, सत्तर फुटांवर. पण नट १४५ फुटांवर टेकला. ताईनं बोअरवाल्याचं जुनं बिल ट्रंकेत जपून ठेवलं होतं; त्यावर खोली १८० फूट. पंप दीडशे फुटांवर सोडलेला. हिशेब सरळ आहे. तळाशी पस्तीस फूट गाळ, आणि पंप त्या गाळात डोक्यापर्यंत रुतलेला. 'आटलेल्या' बोअरमधे पंचाहत्तर फूट पाणी उभं होतं.

याला जमिनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर राहतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरला, त्याचा हा दगड. वाळूसारखं त्याच्यात सगळीकडे पाणी नसतं. वरच्या मुरमात असतं, दगडाच्या भेगांत असतं, आणि दोन थरांच्या मधे जो तांबडा, मातकट पट्टा लागतो त्याच्या आसपास असतं. म्हणून शेजाऱ्याच्या बोअरला भरपूर आणि आपल्याला कोरडं, असं घडतं. म्हणूनच नारळ हातावर घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याचं चालतंही : दहा ठिकाणी खरं ठरलं की अकरावं कुणी लक्षात ठेवत नाही. आपल्या भागात बोअरला केसिंग फक्त वरच्या मातीपुरतं आणि मुरमापुरतं असतं, वीस-तीस-चाळीस फूट. त्याखाली उघडा दगड. त्यामुळे केसिंगच्या वरच्या काठाशी जे शिरतं ते अडवायला खाली काहीच नसतं. मुरमातून सावकाश गाळून येणारं पाणी वेगळं आणि भोकातून धावत येणारं वेगळं. त्यासाठी एक सोपी खूण सांगतो. जोराचा पाऊस झाल्यावर काही तासांतच बोअरचं पाणी गढूळ होत असेल, तर ते जमिनीतून मुरून आलेलं नाही. ते वरून, फटीतून आलेलं आहे.

दोर लावण्याआधी मी पाण्याची बाटली भरून घेतली. जिवाणू तपासायच्या छोट्या बाटल्या मिळतात. खुणेपर्यंत पाणी भरून उबेला ठेवायचं, आणि एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर त्यात मैल्यातून येणारे जिवाणू असण्याचा दाट संभव. ताईची बाटली रात्रीतून शाईसारखी काळी झाली. नीट आकडे हवे असतील तर प्रयोगशाळेतच द्यावं लागतं. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. पण त्या काळ्या बाटलीकडे बघून ताई गप्प झाली. दिवसाआड पाणी झाल्यापासून ज्या दिवशी नळ नाही त्या दिवशी तिच्या घरी याच पाण्याची भाजी शिजत होती, आणि तिचा नातू वर्षभर पोटदुखीसाठी डॉक्टरांकडे खेपा घालत होता. एकाचा दुसऱ्याशी संबंध मी लावणार नाही, ते माझं काम नाही. पण २०२५ च्या जानेवारीत पुण्यात, मुख्यतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात, गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि नांदेड गावच्या विहिरीचं पाणी अख्ख्या शहराच्या चर्चेचा विषय झालं. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी पालिकेच्या विहिरीकडे बोट दाखवलं. आपल्या पोर्चखाली कुणी वाकून बघितलं नाही. पुनावळ्यात कचरा डेपो नको म्हणून लोक रस्त्यावर उतरले, २०२३ च्या अखेरीला तो रद्द झाल्याची घोषणाही झाली. चांगलं झालं. पण ज्या भोकातून न्हाणीचं पाणी थेट भूजलात जातं, त्याला कुणाचा मोर्चा नको असतो, एक लोखंडी टोपण पुरतं.

तर, पंप काढायचा होता. तिकाटणं उभं केलं, चेनपुली लावली. काळा प्लास्टिकचा पाईप ताणला, तो रबरासारखा लांबला, पण पंप हलेना. आधाराचा नायलॉन दोर होता, त्याची खालची कडी गंजलेली निघाली. दोन कारागीर दिवसभर ओढून, सैल सोडून, पाणी ओतून बघत होते. संध्याकाळी पाईप जोडावर तुटला आणि पंप तिथेच राहिला.

पंप निघाला असता तर काय केलं असतं, तेही सांगायला हवं, कारण तुमचा निघू शकेल. अशा वेळी नवा बोअर घ्यायची गरज नसते. कॉम्प्रेसरची गाडी बोलवून हवेच्या दाबानं गाळ बाहेर फेकता येतो, त्याला फ्लशिंग म्हणतात. केसिंग सडलं असेल तर जुन्या बोअरच्या आत बारीक व्यासाचा प्लास्टिकचा पाईप उतरवून, वरची फट सिमेंटनं बंद करून, लहान व्यासाचा पंप चालवता येतो. नव्या बोअरच्या मानानं हे बरंच स्वस्त पडतं. नवा बोअर विकणारा माणूस हे आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नका.

ताईला मात्र नवाच घ्यावा लागला. जागा ठरवताना दाजींचा आग्रह होता की जुन्याच्या शेजारीच घेऊ, पाणी नक्की लागेल. ते बरोबर होतं, पण शेजारीच जुना शोषखड्डा होता. ड्रेनेजची लाईन आली तेव्हा तो बंद केला असं म्हणतात, प्रत्यक्षात त्याच्यावर फक्त झाकण आहे. शोषखड्डा, सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर यांपासून बोअर निदान पन्नास-साठ फूट लांब असावा. तीन गुंठ्यांत एवढं अंतर तिरकं मोजलं तरच बसतं. आम्ही समोरचा कोपरा घेतला. वर विजेच्या तारा नाहीत ना, गाडीचा मनोरा उभा राहील ना, हेही तिथेच बघायचं. कागदपत्रांचं म्हणाल तर २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं घालून दिलेल्या सूचनांप्रमाणे बोअर घेण्याच्या पंधरा दिवस आधी संबंधित प्रशासनाला लेखी कळवायचं असतं आणि गाडीवाला नोंदणी केलेला असायला हवा. पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात आधी चौकशी केलेली बरी.

बोअर मारताना मालकानं चहाच्या किटलीजवळ न थांबता धुळीजवळ थांबावं. धूळ सगळं सांगते. आधी काळी माती, मग अठरा फुटांपर्यंत पिवळा मुरूम, मग राखाडी, कडक दगड. दर दहा फुटांची मूठभर धूळ मी वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवत होतो. ९५ फुटांवर धूळ तांबडी झाली आणि ओली आली. १३० च्या आसपास पाणी वाढलं. गाडीवाला म्हणाला, ''काका, पुढं जाऊ. दोन इंची लागलंय, तीन इंची होईल.''

हे 'इंची' प्रकरण जरा समजून घ्या, कारण यात फसवणूक कमी आणि गैरसमज जास्त असतो. तो इंच म्हणजे पाइपाची जाडी नव्हे. बोअरमधून येणारं पाणी एका पत्र्याच्या काटकोनी खाचेतून सोडतात, आणि त्या खाचेत पाणी किती इंच चढलं ते मोजतात. एक इंच म्हणजे तासाला साधारण पाचशे लिटर. पण दोन इंच म्हणजे हजार लिटर नव्हे, कारण खाच वर रुंद होत जाते. दोन इंच म्हणजे तासाला जवळजवळ २,९०० लिटर. एका कुटुंबाला तेवढं दिवसाकाठी दोनदा अंगण धुऊनही उरेल. आम्ही दोनशे फुटांवर थांबलो. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानंही ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, हीच खोल विहिरीची रेघ धरली आहे. आणि पुढचे दोन-तीनशे फूट बहुधा कोरडा दगडच लागतो, पैसे मात्र फुटावर मोजले जातात.

खरी कसोटी त्यानंतर असते, आणि तोपर्यंत गाडीवाल्याला पुढच्या गावाला जायचं असतं. केसिंग मुरूम संपून कडक दगडात दोन-तीन फूट रुतलं पाहिजे. केसिंग आणि मातीच्या मधली फट नुसत्या मुरमानं न भरता वरचे दहा-पंधरा फूट तरी सिमेंटच्या घोळानं भरली पाहिजे. याच फटीतून वरचं घाण पाणी उतरतं. केसिंग जमिनीच्या वर दोन फूट ठेवायचं. दोन फूट कशाला, दिसायला वाईट दिसतं, असं सगळेच म्हणतात. रस्ता अजून चढणार आहे, हे त्याचं उत्तर. भोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेला सिमेंटचा ओटा, वर नटबोल्टनं आवळलेलं टोपण. आणि पंपाच्या पाइपासोबत अर्ध्या इंचाचा एक रिकामा पाईप खाली सोडून ठेवायचा, म्हणजे पुढे कधीही टोपण न उघडता सुतळीनं पातळी मोजता येते. हा पाईप कुणी सोडत नाही. जेमतेम एका केबलच्या किमतीत तो होतो.

नवा बोअर वापरण्याआधी ब्लीचिंग पावडरनं धुवून घ्यावा. सहा इंची बोअरमधे दर फुटाला साडेपाच लिटर पाणी मावतं. ताईकडे पाणी ६५ फुटांवर होतं, म्हणजे १३५ फूट पाणी, सुमारे साडेसातशे लिटर. त्याला दीडशे ग्रॅम पावडर पुरते, आणि ती ताजी हवी. बादलीत कालवायची, निवळी वरची घ्यायची, चोथा टाकायचा. निवळी बोअरमधे ओतून रात्रभर तसंच ठेवायचं, मग वास जाईपर्यंत उपसायचं. ते पाणी झाडांना घालू नका. आठवड्यानं पुन्हा तपासणी. ताईची दुसरी बाटली स्वच्छ राहिली. तरी प्यायचं पाणी उकळून घे, असं मी तिला सांगितलंय.

राहिला जुना बोअर. लोक दमलेले असतात, पैसे संपलेले असतात, आणि जुन्या भोकावर एक फरशी ठेवून विषय मिटवतात. तो मिटत नाही. फेब्रुवारी २०१९ मधे आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, सहा वर्षांचा एक मुलगा उघड्या बोअरमधे पडून अडकला होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलानं रात्रभर खपून त्याला जिवंत बाहेर काढलं. सगळ्याच मुलांचं नशीब तसं नसतं. शिवाय मूल पडलं नाही तरी घाण पडत राहते, आणि खाली जुना आणि नवा बोअर एकाच भेगेनं जोडलेले असू शकतात. नव्यावर एवढा खर्च करून शेजारी नाला उघडा ठेवण्यासारखंच ते झालं.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच सूचनांमधे सोडून दिलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, गोटे यांनी भरायला सांगितलंय. माझा आग्रह एवढाच की भरताना राडारोडा, विटांचे तुकडे, प्लास्टिक टाकू नका. मधेच अडकतं आणि खाली पोकळी राहते. आम्ही आधी ब्लीचिंगची निवळी ओतली. मग धुतलेली खडी आणि वाळू, थोडी थोडी, दर वेळी सुतळीनं मोजत. एकशे पंचेचाळीस फुटांना मिळून पाव ब्रासपेक्षा थोडी जास्तच लागली असती, पण वरचे वीस फूट खडीऐवजी सिमेंटच्या घोळानं भरले. सडलेल्या केसिंगचा वरचा तुकडा कापून टाकला आणि सिमेंट त्याच्यावरून बाहेर पसरवलं.

इथे एक सल्ला हमखास मिळतो, आम्हालाही मिळाला : बुजवता कशाला, गच्चीचं पाणी सोडा त्याच्यात, पुनर्भरण होईल. पुनर्भरण चांगलंच आहे, पण खड्ड्यात, वाळू-खडीच्या गाळणीतून, गटारापासून लांब. ज्याचं केसिंग फुटलंय त्या बोअरमधे गच्चीवरची कबुतरांची विष्ठा पाइपानं सोडायची, याला पुनर्भरण म्हणत नाहीत. गावठाणातल्या बुजवलेल्या जुन्या विहिरी आणि आड हा वेगळा विषय आहे. त्यांच्यासाठी एकच सांगतो, झाकण उघडून कुणी आत उतरू नये. बंद विहिरीत हवा विषारी असते आणि एकामागून दुसरा माणूस वाचवायला उतरतो.

दाजींनी आता पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. त्यावर बोअरची तारीख, खोली, केसिंग किती फूट, पंप किती फुटांवर, मोटरीचे अँपियर, पाणी कोणत्या फुटांवर लागलं, आणि पेरूच्या झाडापासून नव्या बोअरचं अंतर. जुना बोअर कुठे पुरलाय तेही. खाली पाण्याच्या पातळीचे रकाने आखलेत, एक दसऱ्याचा आणि एक पाडव्याचा. दसऱ्याच्या रकान्यात पहिला आकडा पडलाय : २२ फूट.